ढवळ्याचा मालक

वऱ्हाडात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या मास्तरांना मान्य नव्हती. भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगला की ते छडीचं टोक वाशीमवर ठेवत, तिथून ते घरंगळत मुंबईपर्यंत नेत आणि म्हणत, "पाहा लेकहो, कसा उतार हाये. आपलं पानी तिकडं वाहून गेलं म्हनून तिथं समुद्र झाला. उरलं थे आपन बांध घालून ठेवलं."

ते उरलेलं म्हणजे आमच्या गावचा तलाव. मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारनं खोदवलेला. केवढा मोठा म्हणाल, तर या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचेपर्यंत मारणारा विसरून जायचा की हाक मारली कशाला. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. मास्तर तर म्हणायचे, "समुद्र म्हंजे दुसरं काय? हाच तलाव. फक्त त्याले पाटील नाही."

पाटील म्हणजे माझे आजोबा. आबा. त्यांच्या मिशांबद्दल सांगायला लागलो तर दिवस मावळेल, म्हणून एवढंच सांगतो की ते रागावले की मिशा आधी हलत आणि मग आबा बोलत. गावातली कुत्री मिशा हलल्या की उठून जात. माणसं मात्र बसून राहत, कारण त्यांना उठायची परवानगी नसे.

मास्तरांचं रूप असं: बंद गळ्याचा काळा कोट, खाली धोतर, बगलेत छत्री, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत ठासून भरलेला कापूस. हा कापूस वारा पाहायला. चालता चालता थांबायचे, चिमूटभर कापूस काढून वर उडवायचे, तो कुठं जातो ते बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घराच्या पायरीवर, हेडमास्तर बोलत असताना, कुठंही. शाळेच्या वाटेवर ज्याचं शेत लागेल त्याची बोंडं खुशाल तोडत. शेतकरी त्यांना काही म्हणत नसत. मास्तर सरकारी खर्चानं बिघडलेत, तेव्हा नुकसान सरकारचं, असा सगळ्यांचा समज होता.

त्यात थोडं खरंही होतं. जर्मनची पहिली लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती. त्या सुमारास अकोल्याला एक गोरा साहेब आला, तो जन्माचा दर्यावर्दी. वऱ्हाडात त्याचा जीव रमेना. दौऱ्यावर असताना त्याला आमचा तलाव दिसला आणि, आमचे लोक शपथेवर सांगत, तो घोड्यावर बसल्या बसल्या रडला. मग त्यानं रेल्वेनं तीन शिडाच्या नावा मागवल्या, त्या बैलगाड्यांवर घालून गावात आणल्या आणि पोरांना नाव चालवायला शिकवायचा एक वर्गच काढला. शिकवणार कोण? भूगोलाचे मास्तर, कारण नकाशावरचा समुद्र त्यांच्याच ताब्यात होता. साहेबानं महिनाभर त्यांना काठावर उभं करून समजावलं, डांबर, दोर आणि शिडाच्या कापडासाठी सरकारी मदत लावून दिली आणि त्याची बदली झाली. नावा उरल्या, मास्तर उरले. पोरं मात्र एकही नाही.

कारण तलाव माणूस घेतो, असं गावात मानत. दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी बुडायचंच. आया पोरांना म्हशी धुवायलासुद्धा गुडघ्यापुढं जाऊ देत नसत. पोरं चोरून पोहायला शिकत आणि घरी जाताना केस धुळीत वाळवत. अशा गावात कोण आपला मुलगा लाकडाच्या डोंग्यात बसवून मधोमध पाठवील? मास्तर दारोदार फिरले. लोकांनी पाणी दिलं, सुपारी दिली, मुलगा नाही दिला.

तेव्हा मास्तरांनी जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं, आणि पुढं त्याच्यातच त्यांची मान अडकली.

पोळ्याच्या दिवशी सारं गाव बैल सजवून तलावाच्या घाटावर रांगेत उभं होतं. दोन कडुनिंबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. इतक्यात मास्तर आले. मागं तीन गाड्या, त्या माणसं ओढतायत, आणि प्रत्येक गाडीवर एक नाव. नावांना हळद लावलेली, पुढच्या टोकाला शिंगं रंगवलेली, बेगड चिकटवलेली, डोळे काढलेले. नवा कासरा, गळ्यात घुंगरमाळ. मास्तरांनी नावंही ठेवली होती: पांढऱ्या नावेचा ढवळ्या, पिवळीचा पवळ्या, आणि जिला ठिगळं होती तिचा बांड्या.

आबांच्या मिशा हलल्या. "मास्तर, लाकडाचे बैल उद्या पोट्ट्यांच्या पोयात आना. इथं जिते बैल उभे राह्यते."

"पाटील," मास्तर म्हणाले, "हे पान्यावर चालते, वाऱ्यानं फुरफुरते, अन् सांभायलं नाही त माह्या अंगावर येते. यायले जित्तं नाही म्हनाचं त मंग कोनाले म्हनाचं?"

आबा तिन्ही नावांभोवती फिरले. शेवटी म्हणाले, "लावा मंग. त्या लंगड्या बैलाच्या मांगं."

झालं. रांगेत शेवटी का होईना, नावा पोळ्यात उभ्या राहिल्या म्हणजे गावचे बैल झाल्या. आणि गावच्या बैलामागं पोरगं पाठवायला कुठल्या आईची हरकत? आठ दिवसांत वर्गात इतकी पोरं झाली की नावा कमी पडल्या. सगळ्यांत आधी आबांनी मलाच पाठवलं. पाटलाचा नातू काठावर बसलाय आणि बाकीची पोरं पाण्यात, हे त्यांना चाललं नसतं.

मास्तर शिकवायचे तेही बैलाच्याच बोलीत. शिडाची दोरी म्हणजे कासरा. डोलकाठी म्हणजे वशिंड. सुकाणू म्हणजे शेपटी, आणि ती पिरगाळली की बैल वळतो हे वऱ्हाडातल्या पोराला सांगावं लागत नाही. शीड बांधलं की नाव "जुपली". काठावर उभे राहून ते छत्री उंचावत आणि ओरडत, "हर्र, हर्र, आता सोड कासरा, हो, हो..." आवाज असा की मंगरूळपीरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे बैल आपोआप थांबत आणि गाडीवाले उतरून बघत की काय झालं. वारा पडला आणि आम्ही कंटाळलो की म्हणत, "वारा काही सरकारी नोकर नाही, दहाले येईन म्हनाले. बसा."

एकच गोष्ट ते करत नसत. पाण्यात पाय घालत नसत. नावेत बसणं दूरच, घाटाच्या ओल्या पायरीवरही ते उभे राहत नसत. मास्तरांना पोहता येत नव्हतं, आणि पाण्याची अशी भीती होती की तोंड धुतानासुद्धा एक डोळा उघडा ठेवत. हे आम्हा पोरांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आबांना तर फारच चांगलं ठाऊक होतं. फक्त सरकारला ठाऊक नव्हतं.

आणि मग पुढच्या वर्षी नवा साहेब आला. हा कोरडा. शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखा. त्याला कळेना की समुद्रापासून इतक्या दूर सरकार डांबर कशाला पुरवतंय. त्याचा पट्टेवाला घोड्यावरून सांगत आला: साहेब उद्या तिसऱ्या प्रहरी तलावावर येणार, नावा चालतात का आणि मास्तर काय शिकवतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. पटलं तर ठीक. नाहीतर वर्ग बंद आणि नावा अकोल्याला लिलावात.

पट्टेवाला हे सांगत होता तेव्हा मास्तरांच्या हातात हळद आणि लोण्याची वाटी होती. ते ढवळ्याच्या डोलकाठीचा बुंधा मळत होते. गावभर गोठ्या-गोठ्यांत बैलांचे खांदे मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देणं चाललं होतं. उद्या पोळा होता.

मास्तर तसेच, पिवळ्या हातांनी, आमच्या ओसरीवर आले. मी खांबाशी बसून गोंडे बांधत होतो. त्यांनी सगळं सांगितलं. एका तासापुरत्या नावा पाण्यात घालू द्या, एवढंच मागितलं.

आबा म्हणाले, "मास्तर, थे बैल हायेत का नाही?"

"हायेत."

"मंग पोयाच्या दिवशी बैल जुपते का कोनी?"

"साहेब येऊन राह्यला, पाटील."

"साहेब बदलते. पोया नाही बदलत." आबांचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "जुपा तुमी. पन मंग परवापासून गावातला एकही पोट्टा तलावावर दिसनार नाही. अन् माहा नातू पयला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोंड्याकडे. नावा जुंपल्या तर पोरं जाणार, न जुंपल्या तर नावा जाणार. दोन्हीकडून वर्ग बुडत होता, आणि बुडवणारी दोरी मास्तरांनी स्वतःच्या हातानं वळलेली. ते उठले. ओसरीच्या कठड्यावर त्यांच्या पिवळ्या पंजाचा ठसा राहिला.

सकाळी मी आणि गुलाब तलावावर गेलो. गुलाब मानोऱ्याकडच्या तांड्यातला, माझ्या वर्गातला, पवळ्या चालवायचा. पोहण्यात मगर. मास्तर पलीकडच्या काठावर बाभळीखाली, नावांजवळ बसले होते. कापूस उडवत होते. वारा चांगला होता, सरळ घाटाकडे जाणारा, आणि त्यामुळेच त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग एक चिमूट कापूस तरंगत, डुलत, थेट घाटावरच्या तोरणाकडे निघाली. मास्तर तिच्याकडे बघत उभे राहिले आणि छत्री तिथंच टाकून पळत सुटले. आम्ही मागं.

आबा घाटावर तोरण ताणून घेत होते. मास्तरांना धाप लागली होती. "पाटील, बैल पोयाले चालत येते का नाही?"

"येते."

"पाठीवर झूल राह्यते का नाही?"

"राह्यते."

"मंग माहे बैल पान्यावरून येतीन पोयाले. शीड म्हंजे त्यायची झूल. कोनी बसनार नाही, ओझं नाही, जुपनं नाही. पोट्टे बाजूनं पवत येतीन, कासरा धरून. तुमचे लोक चालत येते तसे."

घाटावरची माणसं काम थांबवून आबांच्या मिशांकडे बघायला लागली. मिशा हलल्या नाहीत. आबांनी तोरणाची गाठ पक्की केली, मग दुसरी गाठ मारली.

"पवळ्याले हा तांड्याचा पोट्टा धरीन," ते म्हणाले. "बांड्याले माहा नातू. पन म्होरचा बैल मालकानंच आनाव लागते पोयात. ढवळ्याचा मालक कोन?"

तलाव माणूस घेतो, आणि त्याला दोन वर्षं कोणी मिळालं नव्हतं. मास्तरांनी खाली बघितलं, पायातले जोडे काढले आणि घाटाच्या पायरीवर एकाशेजारी एक नीट ठेवले.

"मी," ते म्हणाले.

तिसऱ्या प्रहरी घाटावर मुंगीला उभं राहायला जागा नव्हती. साहेब घोड्यावर, शेजारी पट्टेवाला, मागं रांगेनं शिंगं. ढोल चाललेले. पलीकडच्या काठावर आम्ही तिघं. शिडं चढवलेली, त्यांना गोंडे लावलेले, सुकाणू मधोमध बांधून टाकलेलं. मास्तरांनी कोट काढला नव्हता. मी म्हटलं, कोट काढा. ते म्हणाले, साहेबासमोर? कासऱ्याचे दोन वेढे त्यांनी मनगटाला घेतले आणि पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती. ओठ हलत होते, पण देवाचं नाव नव्हतं ते. "हर्र, हर्र," म्हणत होते, हळू, स्वतःलाच.

पायाखालची जमीन सुटली तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजतागायत कोणाला काढून दाखवलेला नाही. पण हात नावेच्या कडेवर होता आणि ढवळ्या चालायला लागला होता. मागं पवळ्या, मग बांड्या. तीन रिकाम्या नावा, भरली शिडं, घुंगरं वाजतायत आणि प्रत्येकीशेजारी पाण्यात एक डोकं. घाटावरचे ढोल थांबले. नंतर कळलं की वाजवणारेच वाजवायचं विसरले होते.

अर्ध्या तलावात वारा पडला.

शिडं लोंबली. घुंगरं थांबली. आता मास्तरांच्या खाली, आम्हा पोरांच्या हिशेबानं, तीन हत्ती एकावर एक मावतील एवढं पाणी होतं. ढवळ्या पुढं जात नव्हता, तेव्हा आधाराला नुसती निसरडी कड. मास्तरांचा चेहरा कोटाच्या कॉलरपर्यंत पाण्यात, काळा कोट छत्रीसारखा फुगलेला, आणि खिशांतून कापूस सुटत होता. पांढरे पांढरे पुंजके त्यांच्याभोवती पसरले. वर बघता येत नव्हतं, उडवता येत नव्हतं. ते फक्त त्या पुंजक्यांकडे बघत होते. गुलाबनं मला खूण केली: जाऊ का? मी आबांकडे पाहिलं. आबा घाटाच्या खालच्या पायरीवर आले होते. पागोटं डोक्यावर नव्हतं, हातात होतं.

"मास्तर," मी ओरडलो, "नावेत चढा."

"नाही." पाणी थुंकून ते म्हणाले, "आज नाही."

मग एक पुंजका हलला. नंतर दुसरा. सगळा कापूस एका रेषेत घाटाकडे सरकायला लागला. मास्तरांनी ते माझ्या आधी पाहिलं आणि त्या अवस्थेत, नाकातोंडात पाणी जात असताना, शाळेतला आवाज काढून ओरडले, "धरा रे कासरे!"

वारा आला तो असा की असा वारा मी पुन्हा पाहिला नाही, आणि ज्यांनी पाहिला असं म्हणतात ते खोटं बोलतात. ढवळ्या उधळला. मास्तर दिसेनासे झाले. नाव घाटावर आली, पायरीला धडकून उचलली गेली आणि डोलकाठीचं टोक तोरणात अडकलं. तोरण तटकन तुटलं. पोळा फुटला. दोनशे बैल एकदम सुटले. साहेबाचा घोडा साहेबाला कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवून निघून गेला, तो दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला दर्ग्याजवळ चरताना सापडला. पट्टेवाला झाडावर होता. कसा चढला ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी आणि गुलाब ढवळ्यामागं बुडी मारणार तोच आबांनी पाण्यात हात घालून कासरा ओढला. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मास्तर निघाले. मनगटाचे दोन वेढे तसेच. आबांनी त्यांना पालथं घालून पाठीत असे गुद्दे घातले की अर्धा तलाव बाहेर आला, असं लोक म्हणतात. मी म्हणतो पाव.

धूळ बसली. साहेबानं टोपी झाडली. रिकाम्या नावांकडे पाहिलं, ओल्या मास्तरांकडे पाहिलं आणि आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "नाव में आदमी क्यों नहीं?"

सगळं गाव आबांकडे बघायला लागलं. तोरण तोडायचा मान आमच्या घराचा, आणि तो एका लाकडाच्या बैलानं घेतला होता. आबांच्या खांद्यावर आंब्याचं एक पान पडलं होतं. मिशा हलल्या.

"साहेब," आबा म्हणाले, "आज यायची सुट्टी हाये."

पट्टेवाल्यानं झाडावरूनच ते साहेबाला समजावलं. पोळा काय, बैल काय, ढवळ्या काय, सगळं. समजावणं बराच वेळ चाललं. साहेबाच्या चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटी त्यानं विचारलं, "और कल?"

"उद्या कामावर," आबा म्हणाले.

साहेब मुक्कामाला राहिला. तसाही घोडा नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही नावा जुंपल्या आणि असे चाललो, असे वळलो, की गुलाबच्या पवळ्यानं पाण्यावर नांगरल्यासारखी सरळ तासं काढली. साहेब घाटावर बसून बघत होता. हळूहळू त्याची पाठ सैल झाली, मग तो उठून माझ्या बांड्यात येऊन बसला आणि बसल्या बसल्या त्यानं मास्तरांना हाक मारली. या, बसा, तुमची विद्या दाखवा.

मास्तर वरच्या, कोरड्या पायरीवर. अंगात अजून दमट कोट. मी सुकाणूवर. नाव शिकवणारा माणूस कधी नावेत बसलेलाच नाही, हे आता या साहेबाला कळणार होतं.

मास्तर म्हणाले, "साहेब, बैलावर मालक नाही बसत."

साहेबाच्या भुवया आकसल्या. तेवढ्यात बाजूनं आबा म्हणाले, "काल पाह्यलं ना साहेब तुमी. आमच्याकडं मालक बैलासंगं चालते."

साहेबानं आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पण तो हसला. त्या कोरड्या माणसाच्या तोंडावर हसू येताना कातडीचा करकर आवाज झाला, मी जवळ बसलो होतो म्हणून ऐकला. डांबर, दोर आणि शिडाचं कापड अकोल्याहून येत राहिलं. त्याच्यानंतरचे साहेबही ते बंद करायला यायचे ते नेमके पोळ्याच्या आसपास, आणि पोळा पाहिल्यावर कोणी बंद केलं नाही.

साहेब गेल्यावर आबांनी विचारलं, "मास्तर, पवाले कवा शिकता?"

"पुढच्या पोयापर्यंत शिकतो."

ते शिकले नाहीत. पुढच्या पोळ्याला ढवळ्या लंगड्या बैलामागं नव्हता, पहिला होता. पलीकडच्या काठावर मास्तर खिशांत कोरडा कापूस भरून, मनगटाला वेढे घेऊन, डोळे मिटून पाण्यात शिरले, आणि नावेच्या दुसऱ्या बाजूनं आणखी कोणीतरी शिरलं. पागोटं नाही, सदरा नाही, फक्त मिशा पाण्यावर. आबांनी नावेखालून हात घालून मास्तरांच्या कमरेचं धोतर घट्ट पकडलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "तुमी काहून, पाटील?"

"चाला," आबा म्हणाले. "म्होरच्या बैलाले दोघं लागते धराले."